तामचिनीच्या घमेल्यातलं पिवळं पाणी

पहिलंच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये मला शहाणपण शिकवायला कुणी येणार नाही. भूत, करणी, नजर, अंगात येणं... यातलं काहीही मी आयुष्यात मानलं नाही. आमच्या घरात ते चालतच नव्हतं. जन्म कंधारकडच्या खेड्यात, बौद्ध घरात. दादा, म्हणजे माझे वडील, प्राथमिक शाळेत मास्तर. कुणी आमच्या दारात लिंबू-मिरची टाकून गेलं की दादा उचलून आईच्या हातात द्यायचे. "मिरच्या ठेच्याला घे, लिंबाचं सरबत कर. फुकटचं आलंय." अशा घरात वाढलेली बाई मी. त्यात पुढं नोकरी लागली लॅबमध्ये, रक्त तपासायची. काचेच्या नळीत जे दिसत नाही ते नाहीच, असं म्हणणाऱ्यांतली मी एक.

तरी हे लिहिते आहे. का, ते शेवटी कळेल... कदाचित नाहीसुद्धा कळणार.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच उस्मानाबादपासून वेगळा झाला होता. पाट्या नव्या, शिक्के नवे, साहेब नवे, जीपगाड्या नव्या. सगळं नवं होतं, फक्त पाणी नव्हतं. दुष्काळ असा की मांजरेच्या पात्रात लोक झरे उकरत बसायचे. मी सरकारी दवाखान्याच्या ब्लड बँकेत टेक्निशियन होते. ब्लड बँक म्हणजे काय, दोन खोल्या, एक फ्रीज, आणि लाईट गेली की त्या फ्रीजकडं बघत बसलेली मी.

रक्त तेव्हा काचेच्या बाटलीत घ्यायचे. देणाऱ्याच्या बोटातला थेंब आधी निळ्या मोरचुदाच्या पाण्यात सोडायचा. बुडला तर अंगात रक्त पुरेसं आहे, तरंगला तर माणूस परत पाठवायचा. त्या वर्षी थेंब तरंगायचेच हो! धडधाकट दिसणारा माणूस यायचा, मिशी पिळलेला, आणि थेंब आपला वर. खायला ज्वारी धड नाही, तर अंगात रक्त कुठून येणार?

थेंब बुडला की मग मी विचारायचे, "कावीळ झाली होती का कधी?" कारण काविळीचा विषाणू रक्तातून जातो. आज ज्याला हिपॅटायटिस बी म्हणतात ना, त्याला आम्ही ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणायचो. त्याची टेस्ट होती, पण किट मुंबईहून औरंगाबादला आणि औरंगाबादहून आमच्याकडं यायचं, आलं तर आलं. बारीक बारीक खळग्यांची प्लास्टिकची पट्टी असायची. तळाला कुंकवाच्या टिकलीएवढा ठिपका जमला की निगेटिव्ह, पसरून राहिलं की पॉझिटिव्ह, बाटली फेकून द्या. किट संपलं की काय? डॉक्टरांची सही घ्यायची आणि न तपासलेलं रक्त द्यायचं. माणूस डोळ्यांसमोर जातोय म्हटल्यावर काय करता?

आता पाण्याचं. नळ कोरडा. टँकर यायचा तो आधी ऑपरेशनच्या खोलीला, मग बाळंतिणींना, उरलं तर आम्हाला. मग हात कसे धुवायचे? आमच्या गयाबाई, सफाईला असायच्या, त्या तांब्यानं हातावर बेताची धार धरायच्या आणि खाली तामचिनीचं पांढरं घमेलं. ते पाणी फेकायचं नाही, फिनेल घालून संडासात वापरायचं. हे एवढं बारीक का सांगते आहे? कारण नळाला पाणी असतं तर सगळं मोरीतून वाहून गेलं असतं आणि मला जन्मात काही दिसलं नसतं.

एका सकाळी एका बाटलीतून तपासणीपुरतं रक्त काढलं, नळीत भरलं, हात धुतले. खाली बघते तर घमेल्यातलं पाणी पिवळं. नव्या करडईच्या तेलासारखं पिवळं.

गयाबाई तांब्या धरून हसत सुटल्या. "अगं माय! वाघमारे बाई, तुमची कावीळ उतरली की वो!"

आमच्या भागात कावीळ 'उतरवणारे' असतात. हाताला कसलं तरी औषध चोळतात, मग निवळीच्या पाण्यात हात धुवायला लावतात, पाणी पिवळं होतं आणि लोक म्हणतात, बघा, उतरली. मला त्यातलं गुपित लहानपणापासून पाठ. आंब्याच्या सालीचा रस हाताला आणि चुना पाण्यात, झालं! कुणाचेही हात धुवा, पिवळंच होणार. दादा शाळेत पोरांना करून दाखवायचे आणि पोरं म्हणायची, गुरुजी, आमची पण उतरवा.

म्हणून मी आधी चुना शोधला. गयाबाई पान खायच्या, म्हटलं त्यांच्या बोटाचा असेल. त्यांना हात धुवायला लावले, त्याच तांब्यातून, त्याच घमेल्यात. पाणी स्वच्छ. साबण बदलला. घरून हळदीचे हात घेऊन आले म्हणावं तर सकाळपासून तीनदा धुतले होते. मग थोडं पिवळं पाणी नळीत घेतलं आणि पित्ताची टेस्ट लावली. काही नाही. चहा पिऊन आले तर नळीतलं पाणी आपोआप स्वच्छ झालेलं. मी म्हटलं, मरू दे. उन्हानं डोळे गेले असतील.

पण पुन्हा झालं. रोज नाही, सगळ्या बाटल्यांना नाही. मध्येच एखाद्या बाटलीला हात लावला की घमेलं पिवळं. पुढं किट आलं आणि जपून ठेवलेले नमुने एकदम लावले. ज्या बाटल्यांना पाणी पिवळं झालं होतं, नेमके तेवढेच खळगे पसरले. बाकीच्यांच्या खाली टिकल्या. मी पट्टी उजेडाला धरली, पुन्हा धरली... अंगावर सर्रकन काटा आला. खोटं कशाला बोलू?

आमच्या डॉक्टरांना सांगितलं. माणूस चांगला होता, उगाच हसणारा नव्हता. तरी हसलाच. "वाघमारे बाई, ऊन बाधलं तुम्हाला. लिंबूपाणी घ्या." मग घमेल्याकडं बघून म्हणाले, "पाणी असेल तर."

तेव्हापासून मी गप्प बसले, पण किट नसलं की पिवळ्या पाण्याची बाटली फ्रीजमध्ये मागं सारायला लागले. आधी दुसऱ्या जाऊ देत. हे शास्त्र नव्हतं, हे मला कळत होतं. दादांना कळलं असतं तर त्यांनी माझीच लिंबू-मिरची केली असती. पण एक बरं होतं, पाणी आणि किट यांचं कधी भांडण झालं नव्हतं. किट आलं की तेच सांगायचं जे पाण्यानं सांगितलेलं असायचं.

भांडण झालं ते शोभाच्या वेळेला.

शोभा माझी धाकटी बहीण. आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण माझ्याकडं, लातूरला. सासर अहमदपूरच्या पुढं, मन्याड नदीच्या काठी. आली तेव्हाच पांढरी फटक. "आक्का, लई दमून राहिले बघ," म्हणायची आणि जिना चढताना मध्येच बसायची. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "अंगात रक्त नाही हिच्या. कळा सुरू व्हायच्या आत एक बाटली तयार ठेवा."

फ्रीजमध्ये तिच्या गटाची एकही नव्हती. माझा गट जुळत नव्हता. सासरची माणसं बोलावली. तिचा नवरा आला, चुलत सासरे आले, शेजारपाजारचे आले. बिचारे स्वतःहून बाह्या वर करून बसले. पण एकेकाचा थेंब आपला तरंगतोय! शेवटी शोभाचा दीर बसला, गौतम. त्याचा थेंब दगडासारखा तळाला गेला आणि गटही जुळला. पोरगा खूश. "घ्या ताई, वहिनीसाठी दोन बाटल्या घ्या."

"कावीळ झाली होती का रे कधी?"

त्यानं आईकडं बघितलं. शोभाची सासू दारातच उभी होती. ती म्हणाली, "न्हाई न्हाई. माझ्या लेकराला कवाच कायी झालं न्हाई."

रक्त घेतलं. नशिबानं किट होतं. टेस्ट लावली. खाली सुंदर टिकली, निगेटिव्ह. मी हात पुढं केले. गयाबाईंनी धार धरली.

घमेलं पिवळं झालं.

गयाबाई या वेळी हसल्या नाहीत. तांब्या खाली ठेवून त्यांनी घमेलं उजेडाकडं ओढलं. मी टेस्ट पुन्हा लावली, नवी पट्टी, नवा नमुना. माहीत असलेलं पॉझिटिव्ह रक्त शेजारी लावलं, किट बिघडलं की काय बघायला. ते पसरलं. किट चांगलं होतं. गौतमच्या रक्ताखाली पुन्हा टिकली. पुन्हा हात धुतले, पुन्हा पिवळं. मला रडूच कोसळलं. एवढी शिकले, एवढी वर्षं नळ्या हलवल्या, आणि उभी कशापुढं? तर एका घमेल्यापुढं!

मी शोभाच्या नवऱ्याला म्हटलं, "असेच नांदेडला जा. तिथून या गटाची बाटली घेऊन या." त्यानं विचारलं, "का? गौत्याचं हाय की." काय सांगू त्याला? म्हटलं, "जास्तीची असू द्या." चिठ्ठी घेऊन पळाला बिचारा. बसनं जाऊन बसनं यायचं होतं. संध्याकाळ होणार हे मला दिसत होतं.

दुपारीच शोभाला कळा सुरू झाल्या. बाळ झालं, मुलगी, डोक्यावर भरपूर जावळ. वारही पडली. पण रक्त थांबेना. मी वॉर्डात गेले तेव्हा नर्स कापडं बदलत होती आणि शोभाचे ओठ कागदासारखे झालेले. ती मला म्हणाली, "आक्का, थंडी वाजून राहिली." चैत्रातल्या दुपारी, वर पत्रा तापलेला, आणि तिला थंडी.

डॉक्टर ओरडले, "बाटली आणा!"

मी तिथंच उभी. म्हटलं, "सर, त्या बाटलीचं पाणी पिवळं येतंय."

"टेस्ट काय आली?"

"निगेटिव्ह. दोनदा."

"मग?"

"नांदेडहून दुसरी येते आहे. तोवर..."

ते माझ्याजवळ आले. आवाज खाली घेतला, आणि ते रागावले असते तर बरं झालं असतं असं मला आजही वाटतं. म्हणाले, "बाई, तोवर ही राहणार नाही. हात धुतले आणि पाणी पिवळं आलं, म्हणून रक्त दिलं नाही... हे कुठं लिहू मी? आणि लिहायचं सोडा. तुमची सख्खी बहीण आहे. तुम्ही सांगा. थांबू म्हणत असाल तर थांबतो."

सगळे माझ्याकडं बघत होते. पाळण्यात ती पोर रडत होती.

मी म्हणाले, "द्या."

बाटली मीच घेऊन आले. मीच धरून उभी राहिले. ते रक्त थेंब थेंब नळीतून माझ्या बहिणीच्या हातात उतरताना मी बघत होते. ओरडावं वाटत होतं आणि ओरडायला कारण एकही नव्हतं. टेस्ट चांगली, गट जुळलेला, देणारा तिचाच दीर. जगातल्या कुठल्याही पुस्तकात ती बाटली अडवायला कारण सापडलं नसतं. हळूहळू शोभाच्या ओठांना रंग आला. "थंडी गेली बघ," म्हणाली. संध्याकाळी तिचा नवरा नांदेडहून घामाघूम होऊन बाटली घेऊन आला, तेव्हा ती लेकीला पाजत होती. सगळे डॉक्टरांच्या पाया पडायला लागले. मी नांदेडची बाटली घेऊन फ्रीजमध्ये ठेवायला गेले.

पुढं शोभा घरी जायच्या आधी मी तिच्या सासूला एकटीला गाठलं. गोड बोलून विचारलं, खरं सांगा मावशी, गौतमला कावीळ झाली होती ना? बाईनं आधी आजूबाजूला बघितलं. मग म्हणाली, "नाव नका घिऊ बाई. उतरल्यावर तिचं नाव घितलं की माघारी येती."

मी कपाळावर हात मारला. म्हणजे इतकी वर्षं मी ज्यांना ज्यांना विचारत होते ते सगळे 'न्हाई' म्हणायचे ते खोटारडे होते म्हणून नव्हे! त्यांच्या मते नाव न घेणं हाच पथ्याचा भाग. आमचा अख्खा प्रश्नच त्या एका रिवाजापुढं पांगळा होता, आणि प्रश्नांचे फॉर्म छापून पाठवणाऱ्यांना त्याचा पत्ता नव्हता. गौतमची कावीळ आदल्या साली माळ घालून उतरवली होती. काटक्यांची माळ असते, डोक्यावर ठेवतात, ती सुकून लांब लांब होत पायाशी उतरते. मग ती वाहत्या पाण्यात सोडायची.

"आणि सोडली कुठं?" मी विचारलं.

"वाहतं पाणी कुटं हाय बाई? मन्याड तर खडखडीत. तशीच आडाच्या कडंला टांगून ठिवलीय. म्हणलं पाऊस पडला की सोडू."

मला काय झालं कोण जाणे, मी त्या म्हातारीवर अशी ओरडले की वॉर्डातल्या बाया उठून बसल्या. तुमच्या घरात बुद्धवंदना होते, भिंतीवर बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा टांगल्या आहेत, आणि डोक्यावर माळ? ती रडायला लागली. "लेकरू पिवळं पडलं हुतं बाई. काय करावं मग मी?" आणि नंतर रात्रंदिवस मला हेच खात राहिलं, की तिनं खरं सांगितलं असतं तर नियमाप्रमाणं मी गौतमला परत पाठवलं असतं. मग त्या दुपारी शोभाला द्यायला काहीच नसतं.

माळेचा आणि घमेल्याचा संबंध मी जोडत नाही. कुणी जोडला तर मी भांडेन. जे घडलं ते फक्त घडलं त्या क्रमानं सांगते आहे.

त्यानंतर ते पाणी पुन्हा पिवळं झालं नाही. एकदासुद्धा नाही. मी वाट बघायचे, घाबरत का होईना बघायचे. पॉझिटिव्ह बाटल्या आल्या, त्यांनाही पाणी स्वच्छच. जणू जे सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. शोभाची मी दर काही महिन्यांनी टेस्ट करायचे, कायतरी निमित्त काढून. ऑस्ट्रेलिया अँटिजेन निगेटिव्ह. दरवेळी निगेटिव्ह. ती चिडवायची, "आक्का, माझ्या रक्ताची भाजी करती का काय?" मीही हसायला लागले. म्हटलं, हरलं ते घमेलं. किट खरं.

बरीच वर्षं गेली. माझी बदली नांदेडला झाली. एक दिवस नवी टेस्ट आली, हिपॅटायटिस सी. आमच्या काळी त्या विषाणूला नावसुद्धा नव्हतं. पुस्तकात लिहिलेलं असायचं, ए नाही आणि बी नाही अशी एक कावीळ. तो सापडायचाच नाही कशात, तर किट काय करणार?

ते नवं किट मी उघडलं तेव्हा शोभाचे पाय सुजायला लागले होते. तिचं रक्त मी स्वतः लावलं. पॉझिटिव्ह. गौतमला बोलावलं. पॉझिटिव्ह. तो आजही शेतात राबतो, ठणठणीत आहे, त्याला काही म्हणजे काही झालं नाही. रिपोर्ट ऐकून लहान पोरासारखा रडला. "ताई, मी जीव द्याया गेलतो वो तिला." मी म्हटलं, दिलास रे बाबा. जीवच दिलास.

शोभाचं लिव्हर गेलं होतं. पोटात पाणी व्हायचं, काढायचे, पुन्हा व्हायचं. शेवटी शेवटी ती माझ्याकडंच होती. लेक कॉलेजला जायची, संध्याकाळी उशाशी बसायची. एकदा लेक बाहेर गेल्यावर शोभानं विचारलं, "आक्का, तुला तवाच कळलं हुतं व्हय? गयाबाई मला कायबाय बोलली हुती."

मी सगळं सांगितलं. पाणी, टिकली, डॉक्टर, सगळं.

"मग का दिलंस?"

"तू चालली होतीस, शोभा."

तिनं पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाली, "बरं." आणि थोड्या वेळानं, "पोरगी सकाळपासून जेवली न्हाई बघ. तिला दोन घास खाऊ घाल."

त्याच महिन्यात ती गेली.

आता तुम्ही म्हणाल, याचं स्पष्टीकरण तर मिळालं, विषाणू होता, टेस्ट नव्हती. ते मला सांगू नका, ते मी लॅबमध्ये शिकायला येणाऱ्या पोरांना शिकवलं आहे. पण ज्याचं नाव जगात कुणाला ठाऊक नव्हतं, ते एका तामचिनीच्या भांड्याला कसं कळलं, हे मला कुणी सांगितलेलं नाही. मोठमोठ्या डॉक्टरांना विचारलं. कुणी पाण्यातल्या क्षाराचं नाव घेतं, कुणी माझ्या डोळ्यांचं. गयाबाईंनाही दिसत होतं म्हटलं की विषय बदलतात.

आणि खरं सांगू? 'कसं' हे मला आता नकोच आहे. मला राग येतो तो वेगळाच. जे कुणी, जे काही सांगत होतं, त्यानं मला का सांगितलं? मला काय करता येणार होतं? सांगून फक्त एवढंच झालं, की बाकीचे सगळे पेढे खात असताना मी एकटी तिच्याकडं बघत राहिले, वीस-एक वर्षं. तिच्या प्रत्येक तापाला, प्रत्येक थकव्याला.

हे सगळं ऐकून भाची परवा म्हणाली, "मावशी, तेव्हा थांबली असतीस तर?" मी तिच्याकडं बघितलं. हुबेहूब शोभा. आज पुन्हा ती दुपार आली, पुन्हा डॉक्टरांनी विचारलं, आणि मला सगळं आधीपासून ठाऊक असलं, तरी मी 'द्या' असंच म्हणेन.